मातीतले पैलवान आणि मातीचे खेळाडू

गोळेश्वरचा आणि मेक्सिकोचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर आपण हसू. पण संबंध आहे, आणि तो कुस्तीचा आहे.

जुलै १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. फ्रीस्टाइल कुस्तीचा बँटमवेट गट, म्हणजे ५७ किलो. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी तिथं कॅनडाचा पोलिक्विन हरवला, मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो हरवला आणि जर्मनीचा श्मिट्झ हरवला. पुढं जपानच्या इशीईकडून आणि सोव्हिएत संघाच्या मामादबेयोव्हकडून ते हरले आणि ब्राँझपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं, लिएंडर पेसचं. मध्ये ४४ वर्षं गेली.

ही गोष्ट आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असते. मला मात्र त्या बासुर्तोचं कुतूहल वाटलं. सातासमुद्रापलीकडचा एक गडी, आपल्या मातीतल्या गड्याशी भिडला आणि हरला. त्याच्या देशात खेळाडूंना कसं जपतात, हे बघावं म्हणून वाचायला बसलो. बासुर्तो बाजूलाच राहिला आणि मी भलतीकडंच पोचलो. तीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या खेळाडूंपाशी.

ते सांगतो. मग आपल्या घरातली एक लाजिरवाणी गोष्टही सांगतो.

मेक्सिको आणि त्याच्या खालचा ग्वाटेमाला, बेलीझ, होंडुरासपर्यंतचा पट्टा, याला अभ्यासक मेसोअमेरिका म्हणतात. ओल्मेक, माया, अझ्टेक ही सगळी मंडळी इथली. या सगळ्यांचा एक सामाईक खेळ होता, रबराच्या चेंडूचा. आजही मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यात तो ‘उलामा’ नावानं खेळतात. चेंडू भरीव रबराचा, वजन तीन-चार किलो. आणि तो हातानं मारायचा नाही, पायानं नाही, तर कमरेनं, कुल्ल्यानं मारायचा. जमिनीवर स्वतःला झोकून द्यायचं आणि कमरेचा फटका देऊन चेंडू पलीकडं धाडायचा. आपला एखादा पैलवान तो चेंडू नुसता उचलून बघील आणि म्हणेल, “हे कमरेवर घ्यायचं? मस्करी करताय का?”

हा चेंडू म्हणजे एक शोधच होता. तिथल्या एका झाडाचा चीक काढायचा आणि त्यात एका वेलीचा रस मिसळायचा. त्यामुळं ठिसूळ चिकाचं लवचिक, उसळणारं रबर होतं. व्हेराक्रूझमधल्या एल मानाती इथं दलदलीत असे चेंडू सापडले, ते इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचे. युरोपनं रबराचा चेंडू उसळताना बघितला तो कोलंबसानंतर. गुडइयर साहेबांना रबर टिकाऊ करायची युक्ती सापडली १८३९ साली. पुढं अझ्टेकांच्या काळात एका मुलखातून राजधानीला कर म्हणून दरसाल १६,००० रबराचे गोळे जायचे. ही नोंद त्यांच्या चित्रमय कागदांत आजही बघायला मिळते. म्हणजे खेळ किती मुरलेला असेल बघा.

मैदानंही तशीच. दोन समांतर भिंती, मध्ये लांबट पट्टी. अशी दीड हजारांवर मैदानं आजवर सापडली आहेत. चिचेन इत्झाचं मोठं मैदान १६८ मीटर लांब आहे. तिथल्या भिंतीवर मुंडकं उडवलेला खेळाडू कोरला आहे. त्यावरून ‘हरणाऱ्याला मारून टाकायचे’ अशी गोष्ट जगभर झाली. काही ठिकाणी, काही काळात खेळाशी नरबळी जोडलेला होता, हे खरं. पण तीन हजार वर्षांतला प्रत्येक सामना म्हणजे खाटीकखाना नव्हता. गावोगाव लोक गंमत म्हणून खेळत, पैज लावत, भांडत आणि घरी जात. आपल्या जत्रेच्या फडासारखंच.

आणि हे आपल्याला कळतं कशावरून? दगडी मैदानांवरून कळतंच, पण त्याहून जास्त कळतं मातीच्या बाहुल्यांवरून.

मिचोआकान राज्यात एल ओपेन्यो नावाची जागा आहे. तिथल्या थडग्यांत साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या छोट्या मातीच्या मूर्ती सापडल्या. त्यात खेळाडू आहेत आणि त्यांच्यासोबत बायकाही आहेत. ओल्मेक लोकांच्या सान लोरेन्सोतही कमरेला जाड पट्टा बांधलेले मातीचे खेळाडू मिळाले. पुढं हलिस्को, नायारित, कोलिमा या पश्चिमेकडच्या भागात, साधारण आपल्या सातवाहनांच्या काळात, लोक जमिनीत खोल विहिरीसारखा खड्डा काढून तळाशी दालन करत आणि माणसं पुरत. सोबत मातीच्या मोठ्या पोकळ मूर्ती ठेवत. त्यात हातात चेंडू धरलेला खेळाडू हमखास. डोक्याला टोपीसारखं काहीतरी, कमरेला आवळलेला पट्टा, अंग घट्ट, नजर समोर. फड सुरू व्हायच्या आधी आपला पैलवान उभा असतो ना, अगदी तसा.

नायारितच्या कुंभारांनी तर कमालच केली. त्यांनी अख्खं मैदान मातीचं केलं. मध्ये खेळाडू, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दाटीवाटीनं बसलेले प्रेक्षक. कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकलेला, बायका-पोरं सोबत. फोटो बघितला आणि मला कुंडलचं मैदान आठवलं, पुसेगावची जत्रा आठवली. हलगी तेवढी ऐकू येत नव्हती.

आणि माया लोकांचं हैना बेट. छोटंसं बेट, पण तिथल्या थडग्यांतून इ.स. ६०० ते ९०० च्या दरम्यानच्या मातीच्या सुबक मूर्ती निघाल्या. काही मूर्ती म्हणजे चक्क शिट्ट्या आणि खुळखुळे. त्यात एक गुडघा टेकून चेंडू झेलायला वाकलेला खेळाडू आहे. हाताएवढी मूर्ती, पण कमरेच्या पट्ट्याची जाडी, गुडघ्याचं वेष्टण, सगळं नीट दाखवलेलं. काहींवर निळा रंग अजून टिकून आहे.

आता गंमत बघा. यातल्या बहुतेक खेळाडूंची नावं कुणालाच माहीत नाहीत. पश्चिमेकडच्या त्या लोकांकडं लिपी नव्हती. राजे गेले, घरं गेली. पण एका कुंभारानं आपल्या गावातला गडी बघितला, चिखल मळला, आणि तो गडी दोन हजार वर्षं टिकला. सोनं नाही, तांबं नाही. भाजलेली माती.

आता आपल्याकडं या.

आपला सातारा-सांगलीचा मुलूख कुस्तीचा, हे सांगायला नको. गोळेश्वरचे खाशाबा झाले, कवठेपिरानचे मारुती माने झाले. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये मानेंनी कुस्तीत सुवर्णपदक घेतलं आणि १९६४ साली ते हिंदकेसरी झाले. पण हे सगळं विसाव्या शतकातच सुरू झालं असं कुणी समजू नये.

इ.स. ११२९ च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. तेव्हा आपला हा भाग चालुक्यांच्या आणि त्यांच्या मांडलिक शिलाहारांच्या अमलाखाली होता. त्या ग्रंथात ‘मल्लविनोद’ नावाचं प्रकरण आहे. पैलवानांच्या पायऱ्या, त्यांचा खुराक, त्यांचा सराव, सगळं त्यात आहे. वजनाचा व्यायाम, चालण्याचा, पोहण्याचा आणि खांबावरचा व्यायाम, त्याला ‘स्तंभश्रम’ म्हटलंय. मल्लखांबाचं मूळ तिथं शोधणारे अभ्यासक आहेत. घोड्यावर बसून चेंडू खेळायच्या खेळाचंही वर्णन त्याच ग्रंथात आहे. म्हणजे ९०० वर्षांपूर्वी राजाला हे लिहून ठेवावंसं वाटलं.

दगडातही आपण माणसं जपली. वीरगळ बघा. वाई तालुक्यातल्या किकलीच्या देवळात गेलात तर तिथं वीरगळांची रांगच आहे. खालच्या चौकटीत पडलेला वीर, वर लढाई, त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेतोवर याची आठवण राहील. गायी पळवून नेणाऱ्यांशी झुंजताना मेलेल्या साध्या गड्यालाही हा मान मिळायचा. नाव बहुधा कोरलेलं नसतं, पण माणूस कोरलेला असतो.

आणि माती? मातीत तर आपण वाढलो. बेंदराला कुंभारवाड्यातून मातीचे बैल आणायचे. दिवाळीत अंगणात किल्ला करायचा आणि त्यावर मातीचे मावळे ठेवायचे. गडावर महाराज, दारात पहारेकरी, पायथ्याला भाजीवाली, पाणी भरणारी बाई. लहानपणी आमच्या किल्ल्यावर खाली एक आखाडा असायचा आणि त्यात कुस्ती खेळणारी मातीची जोडी. एकाचा पट काढलेला, दुसरा सुटायला बघतोय. नायारितच्या त्या मातीच्या मैदानात आणि आमच्या किल्ल्याखालच्या आखाड्यात मला तरी फारसा फरक दिसत नाही. फरक एवढाच, त्यांचं मैदान दोन हजार वर्षं जपलं गेलं आणि आमचा आखाडा तुळशीचं लग्न झालं की उकिरड्यावर जायचा.

आता ती लाजिरवाणी गोष्ट.

माझे आजोबा पैलवान होते. फार मोठे नव्हते, पण पंचक्रोशीत नाव होतं. जत्रेला शेवटच्या दोन-चार कुस्त्यांत त्यांची कुस्ती असायची. घरी त्यांचं चांदीचं कडं होतं, दोन फेटे होते, आणि काचेच्या चौकटीत एक फोटो होता. लांग लावलेले, दंडावर ताईत, हात मांडीवर. फोटोमागं कुणीतरी पेन्सिलीनं गाव, साल आणि समोरच्या पैलवानाचं नाव लिहिलेलं. आजोबा गेले. पुढं घर पाडून बांधकाम काढलं तेव्हा मी नोकरीवरून दोन दिवसांची रजा काढून आलो होतो. घाई होती. माळ्यावरचं सगळं सामान भंगारवाल्याला दिलं. भांडी, पत्र्याची पेटी, आणि त्या पेटीत तो फोटो. कडं आईनं आधीच काढून ठेवलं होतं, चांदी म्हणून. फोटोला किंमत नव्हती, म्हणून तो गेला.

दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

आज मला आजोबांच्या जोडीतल्या त्या दुसऱ्या पैलवानाचं नाव आठवत नाही. कोणतं साल, आठवत नाही. मेक्सिकोतल्या निनावी खेळाडूची मूर्ती मी मोबाइलवर मोठी करून करून बघतो, आणि ज्यांच्या मांडीवर बसून मी कुस्ती शिकलो त्यांचा फोटो माझ्याकडं नाही. हे सांगताना बरं वाटत नाही, पण सांगितलं पाहिजे. कारण मला खात्री आहे, हे माझ्या एकट्याच्या घरातलं नाही.

खाशाबांचंच बघा. १९५२ ला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. पदक घेऊन आले तेव्हा शे-दीडशे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पोलिसात नोकरी केली. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो जाऊन सोळा वर्षं झाल्यावर, मरणोत्तर. आता १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात, ही चांगली गोष्ट. पण जगात तिसरा आलेल्या माणसाला आपण इतका उशीर केला, तर गावातल्या तिसऱ्या नंबरच्या पैलवानाची काय कथा?

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आमच्या गावची जुनी तालीम. कौलारू छप्पर, दारात मारुती, आत हौदा. त्या हौद्यातली माती साधी नव्हे. चाळलेली तांबडी माती, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर. वस्ताद म्हणायचे, “माती आईसारखी पाहिजे, पोरगं पडलं तर लागू नये आणि अंगाला जखम झाली तर चिघळू नये.” आता ती तालीम पाडून तिथं व्यापारी गाळे काढायचं चाललंय. वर जिम होणार, मॅट येणार. मी मॅटच्या विरोधात नाही. खाशाबाही हेलसिंकीत मॅटवरच खेळले. पोरांना ऑलिंपिकला जायचं तर मॅट पाहिजेच. गाळ्यांच्या भाड्यातून गावाला चार पैसे मिळतील, तेही नको म्हणत नाही.

पण तालमीच्या भिंतीवर जुन्या पैलवानांच्या तसबिरी आहेत. कोपऱ्यात लाकडी करेला, जोड, दगडी गोळे आहेत. दाराजवळ एक वीरगळ आहे, त्याच्यावर ऑइलपेंटचा शेंदरी थर बसलाय आणि पोरं त्यावर चपला काढतात. हे सगळं कुठं जाणार, असं विचारलं तर उत्तर मिळतं, “बघू की नंतर.” हे ‘नंतर’ मी माझ्या घरी बघितलंय. ते भंगारवाल्याच्या गाड्यावरून जातं.

मेक्सिकोतही सगळं छान आहे असं नाही. हलिस्को-नायारितची ती खोल थडगी चोरांनी फोडली. मूर्ती बाजारात गेल्या, परदेशातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात आणि संग्रहालयांत पोचल्या. मूर्ती वाचली, पण ती कुणाच्या उशाशी ठेवली होती, सोबत काय होतं, ते कायमचं गेलं. म्हणून १९९३ साली वित्झिलापा इथं चोरांचा हात न लागलेलं एक थडगं मिळालं तेव्हा अभ्यासकांना घबाड मिळाल्यासारखं झालं. वस्तू कुठं होती, कुणाची होती, हे कळलं तरच तिला अर्थ. फोटोमागच्या पेन्सिलीच्या ओळीसारखं.

योगायोग असा की अशा जुन्या वस्तूंसाठी मेक्सिकोनं कडक कायदा केला १९७२ साली, आणि आपला पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदाही १९७२ चाच. शंभर वर्षांवरची मूर्ती, कोरलेला दगड हा पुरावशेष ठरतो, तो देशाबाहेर नेऊन विकता येत नाही. कायदा आहे. पण वीरगळावर चपला काढू नयेत हे कायदा कशाला सांगेल? ते आपणच पोरांना सांगायचं.

आणि आपल्याला हे जमणारच नाही असंही नाही. आपल्याच जिल्ह्यात औंधला बघा. पंतप्रतिनिधी भवानराव महाराजांनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्याच राजानं १९३८ साली औंधच्या टेकडीवर भवानी संग्रहालय उभं केलं. एकीकडं व्यायाम, दुसरीकडं चित्र-शिल्पं. शरीर कमवायचं आणि आठवणही जपायची, दोन्ही एकाच माणसाला सुचलं. छोटं संस्थान होतं ते, काही बडोदा-ग्वाल्हेर नव्हतं.

आपल्याला संग्रहालय बांधायचं नाहीये. माझं म्हणणं साधं आहे.

एक. नव्या इमारतीत एक भिंत जुन्या पैलवानांसाठी सोडावी. तसबिरी पुसून, नाव-गाव-साल लिहून लावाव्यात. करेला, गोळे त्याच खोलीत राहावेत.

दोन. मॅट वर टाका, पण खाली दहा बाय दहाचा का होईना, मातीचा हौदा ठेवा. बारक्या पोरांची पहिली कुस्ती मातीतच होऊ द्या.

तीन. वीरगळ कट्ट्यावर उभा करा. रंग घासायला कुणी पत्र्याचा ब्रश घेऊ नका, दगड खराब होतो. जाणकाराला विचारून मगच हात लावा.

चार. हे माझ्या मनातलं. यंदा बेंदराला आणि दिवाळीला आपल्या कुंभारदादांकडून प्लॅस्टरचे नाही, मातीचे पैलवान करून घेऊ. ऑर्डर आधी दिली तर ते करतील, मी बोललोय. किल्ल्याखाली आखाडा येऊ द्या. आणि दिवाळी झाल्यावर ती जोडी उकिरड्यावर टाकू नका, देव्हाऱ्याशेजारी फडताळात ठेवा. पोरगं विचारेल, “आजोबा, हे कोण?” तेव्हा सांगायला काहीतरी असेल.

ग्रामसभा २६ जानेवारीला आहे. मी हे चार मुद्दे कागदावर लिहून देणार आहे. गावातल्यांनी या, नुसतं लाइक करून थांबू नका. दुसऱ्या गावातल्यांनी आपापल्या तालमीत एकदा डोकावून या, भिंतीवर कोण आहे ते बघा.

आणि एक विनंती. साधारण साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोरेगाव, कराड, वाळवा, पलूस भागातल्या जत्रांच्या फडांचे फोटो कुणाच्या घरी असतील तर कमेंटमध्ये टाका. मागं काही लिहिलं असेल तर तेही टाका. कुणास ठाऊक, समोरच्या बाजूचा पैलवान म्हणून कुठल्यातरी फोटोत माझा आजोबा उभा असेल.